दार पुढच्या आवृत्तीत येईल

१

सकाळी साडेआठला वडील फिरायला बाहेर पडले की त्सेंग रुइ-युन (घरी तिला आ-युनच म्हणत) घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायची. शिंचू शहरातला वारा नवव्या महिन्यात एकदा सुटला की माणसाला धड विचार करू देत नाही. मग ती चहा करायची, संगणक चालू करायची आणि कुणाशी तरी भांडायला बसायची. हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं. अर्धवट असतानाच बाजारात आणलेले व्हिडिओ गेम खेळायचे आणि एका वेबसाइटवर त्यांच्याविषयी पहिलं मत लिहायचं. सदराचं नाव 'कच्चं'. वाचक तिला प्रेमाने 'मिरचीताई' म्हणत. गेम बनवणारे काय म्हणत ते तिने कधी विचारलं नव्हतं.

तिचा राग मात्र खोटा नव्हता. हल्ली गेम पुरा करून विकायची रीतच उरली नाही याची तिला मनापासून चीड होती. अर्धा शिजलेला भात ताटात वाढायचा आणि वर हसून सांगायचं, 'सुरू करा, उरलेला पुढच्या महिन्यात शिजेल.' आणि लोक मुकाट खातात! एक्केचाळीस वर्षांची झाली तरी तिला या गोष्टीची सवय झाली नव्हती, आणि होऊ द्यायचीही नव्हती.

साडेनऊला वडील परत येत. त्सेंग मूह्वो, वय शहात्तर. चौतीस वर्षं त्यांनी याच गावात टपाल वाटलं. पूर्व विभागात असं दार नव्हतं ज्याच्यावर त्यांनी टकटक केलेली नव्हती. टकटक करण्याआधी दारावरच्या क्रमांकाच्या पाटीवरून अंगठा फिरवायची त्यांची सवय. धूळही पुसली जाते आणि घरही चुकत नाही, असं ते म्हणत. आता ते तिच्या मागे सोफ्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसत आणि पडद्यावर जे काही चाललं असेल त्याला नावं ठेवत. नावं ठेवण्याचा गुण घरातलाच होता.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी 'खोलवर' नावाचा गेम आला. एक जुनी, अफाट इमारत. हातात कंदील आणि खडू. खोल्या धुंडाळायच्या, भिंतींवर खुणा करायच्या, जिना सापडला की खालच्या मजल्यावर उतरायचं. वर येणारा जिना नाही. कंदिलातलं तेल संपलं की खेळ खलास, आणि पुन्हा सुरू केला की सगळी इमारत नव्याने रचलेली. कालचं शहाणपण आज उपयोगाचं नाही. या जातीचे गेम ती वीस वर्षं खेळत आली होती.

सुरुवातीलाच एक छोटं देऊळ होतं, गल्लीच्या तोंडाशी असतं तसं, भूमिदेवाचं. खाली तीन रकाने. नाव, जुन्या पंचांगाप्रमाणे जन्मतारीख, पत्ता.

"बघा आगाऊपणा! माझा पत्ता कशाला हवाय यांना?" आ-युन म्हणाली आणि रकान्यांत मनाला येईल ते बडवलं.

'पत्ता सापडत नाही,' असं पडद्यावर उमटलं. तिने दुसरा खोटा पत्ता घातला. तोही सापडेना.

"देवापुढे खोटा पत्ता देतेस?" मागून वडील म्हणाले.

"देव नाहीये तो, बाबा. चित्र आहे."

"चित्र तर चित्र. देवळात गेल्यावर आधी आपण कोण, कुठले ते सांगतो की नाही? अर्धवट पत्त्यावर साधं पोस्टकार्ड पोचत नाही, मग कृपा कुठून पोचणार? तुझा द्यायचा नसेल तर माझा घाल. मला काय चोरी आहे?"

आणि त्यांनी स्वतःच सांगितलं, ताठ बसून, टपाल कचेरीत सांगावं तसं. नाव. ड्रॅगनाचं वर्ष, दुसरा महिना, एकोणिसावा दिवस. शिंचू शहर, पूर्व विभाग, शीलियू रस्ता, गल्ली सत्तेचाळीस, बोळ नऊ, घर सहा, मजला चौथा. ती टाइप करत गेली. पडद्यावरच्या देवळातली उदबत्ती पेटली.

"पोचलं," बाबा खूश होऊन म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

२

पहिल्या दोन तासांत तिच्या वहीचं उजवं पान, म्हणजे तक्रारींचं, भरून गेलं. कपाटं उघडत नाहीत. कंदिलाची सावली उलट्या बाजूला पडते. प्रत्येक खोलीत तेच एक कॅलेंडर, आणि त्यावर आकडेच नाहीत. सातव्या मजल्यावर तर कहर होता. तिथे एक लांब खोली, खोलीच्या टोकाला भिंत, भिंतीवर रंगाने काढलेलं दार, आणि त्यावर चिकटवलेला कागद: 'दार पुढच्या आवृत्तीत येईल.'

"बाहेर पडायची वाटच नाही!" ती खुर्चीतून उठलीच. "म्हणजे माणसाने सात मजले उतरून यायचं आणि रंगाकडे बघत उभं राहायचं? तोंडाला पानं पुसायची काही सीमा?"

करण्यासारखं काहीच नसल्यामुळे तिने त्या खोलीत तेल संपेपर्यंत फेऱ्या मारल्या. कंदील विझला. काळ्या पडद्यावर अक्षरं आली: 'मूह्वो इथे राहिले.'

"राहिले म्हणजे? मेला तर सरळ मेला म्हणा की!"

"माझ्या नावाने बोलतेयस गं, जरा जपून," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसले.

तिने दुसरा डाव सुरू केला. या वेळी देवळाने नाव विचारलं नाही. एक बिननावाची आकृती कंदील घेऊन निघाली. दुसऱ्या मजल्यावर, एका अरुंद खोलीत, आ-युनला भिंतीपलीकडून आवाज आला. टक, टक. मग थांबणं. मग एक पाऊल, आणि त्याच्यामागून ओढलेलं दुसरं. पुन्हा टक, टक.

तिने कानावरचे हेडफोन काढले. मागे बाबा सोफ्यावर डुलक्या घेत होते, हातात अर्धी फोडलेली शेंग तशीच. बाहेर वारा खिडकीच्या गजांतून शिट्ट्या मारत होता. तिने हेडफोन पुन्हा चढवले. टक, टक.

गेम बनवणाऱ्याने आधीच्या डावातला माणूस आत हिंडता ठेवलाय, हे तिच्या ध्यानात आलं. चांगली युक्ती होती. वहीच्या डाव्या पानावर, म्हणजे कौतुकाच्या, तिने एकच ओळ लिहिली: 'भिंतीपलीकडचा चालण्याचा आवाज. एवढी एकच गोष्ट पूर्ण झालेली आहे.' लिहून झाल्यावर तिने जरा आणखी ऐकलं. प्रत्येक टकटकीच्या आधी काहीतरी हलकेच घासल्यासारखं वाजत होतं, पत्र्यावरून अंगठा फिरवावा तसं. जुन्या घरांत असले आवाज असतातच, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि त्या ओळीखाली रेघ मारली.

३

गुरुवारी बाबा साडेनऊला आले नाहीत. दहा वाजले, साडेदहा झाले. आ-युन चपला घालून जिन्याकडे निघाली तर खालून को-काकूच त्यांना हाताला धरून वर आणत होत्या. को-काकू तळमजल्यावर राहतात, इमारतीच्या दाराशी बसून भाज्या निवडतात, आणि त्यांच्या नजरेतून मांजरही सुटत नाही.

"तुझे बाबा तासभर माझ्या दारावर टकटक करत होते गं," त्या म्हणाल्या. "मी उघडलं की म्हणतात, 'हे नव्हे.' मी लावलं की पुन्हा टकटक. म्हटलं मूह्वोदादा, चेष्टा करताय का म्हातारीची?"

"मजला चुकला, वहिनी," बाबा हसून म्हणाले. "त्यात एवढं काय?"

आ-युनला राग आला. कोणाचा ते तिला कळेना, म्हणून तो वडिलांवर निघाला. "चौतीस वर्षं टपाल वाटलंत आणि स्वतःचं घर चुकलात? गुडघा दुखत होता तर फोन करायचा होता. मी आले असते खाली."

"गुडघ्याला काय धाड भरलीये? उतरताना तेवढा दुखतो."

जेवताना सगळं ठीक होतं. तांदळाच्या शेवया, मांसाच्या गोळ्यांचं सूप. बाबांनी दोन वाट्या सूप घेतलं आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. मग व्हिनेगर आणायला म्हणून उठले ते स्वयंपाकघराकडे न जाता आतल्या खोलीत गेले. बराच वेळ झाला म्हणून ती बघायला गेली. बाबांनी कपड्यांचं कपाट उघडलं होतं. टांगलेले कोट दोन्ही हातांनी बाजूला सारून ते आत वाकले होते. कपाटाच्या मागच्या फळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. दोनदा टकटक केली, आणि कान देऊन वाट बघत राहिले.

"काय शोधताय, बाबा?"

"इकडून वाट असायला हवी होती," ते म्हणाले. मग मागे वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे अंधारातून उजेडात आल्यासारखे मिचमिचले. "व्हिनेगर कुठे ठेवतेस गं हल्ली?"

बाहेर दुपारचं लख्ख ऊन होतं. आ-युन कपाटापुढे उभी राहिली. शहात्तर वय, तिने हिशेब केला. आई गेल्याला सहा वर्षं. दिवसभर मागे बसून माणूस तो भिकार गेम बघतो, तेच डोक्यात राहतं. यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तिने कोट सारखे केले, आणि मग, स्वतःलाच शिव्या देत, फळीवर हात टेकवून पाहिला. लाकूड गार होतं. भिंतीला लागून असलेलं लाकूड गारच असणार.

४

पुढच्या सोमवारी ती बाबांना डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता आणि फार गोड बोलत होता. "आजोबा, शंभरातून सात वजा करा. मग त्यातून पुन्हा सात."

"त्र्याण्णव. शहाऐंशी. एकोणऐंशी. बहात्तर. पासष्ट," बाबा म्हणाले. "दोनपर्यंत जाऊ की पुरे?"

डॉक्टर हसला. तारीख विचारली, ती बरोबर. वार बरोबर. तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, ती बाबांनी उलट्या क्रमानेही म्हणून दाखवली. आ-युनचा जीव भांड्यात पडत चालला होता.

"आणि राहता कुठे आपण?"

बाबा ताठ बसले. "शिंचू शहर, पूर्व विभाग, शीलियू रस्ता, गल्ली सत्तेचाळीस, बोळ नऊ, घर सहा." इथे ते थांबले नाहीत, अडखळले नाहीत. "खाली मजला सातवा."

"खाली?"

"खाली. हवा जरा कोंदट आहे. पण वारा लागत नाही, हे एक बरं आहे."

डॉक्टरने काहीतरी लिहून घेतलं. डोक्याचे फोटो काढले. वयाच्या मानाने फार छान आहेत, असं सांगितलं. ताण असेल. एकटेपणा असेल. घरात काही नवीन घडलंय का?

"ते एक गेम बघतात," आ-युन म्हणाली.

"मग नका दाखवू."

तेवढ्यासाठी अर्धा दिवस मोडला होता. टॅक्सीवाल्याच्या सल्ल्यासारखा सल्ला आणि वर औषधांची पिशवी. पण परतताना बसमध्ये तिला एवढा संताप का येतोय याचा ती विचार करत राहिली. शेजारी बाबा खिडकीच्या काचेवरून अंगठा फिरवत होते.

५

'खोलवर' दोघींनी मिळून केला होता. त्यातल्या एकीचा, ल्यौ फांग-यी तिचं नाव, फोन नंबर आ-युनकडे होता. घरी पोचताच तिने फोन लावला. बाबांना झोपवून आतलं दार ओढून घेतलं होतं.

"युनताई!" फांग-यीचा आवाज आनंदाने फुटत होता. "तुम्ही स्वतः फोन केलात! आम्ही दोघी तुमचं सदर वाचतच मोठ्या झालो. रागावलात ना? सांगा, सांगा, मी लिहून घेते."

"आधीच्या डावातला माणूस आत हिंडतो तो कशासाठी?"

"आवडलं ना! राहिलेली माणसं ती. दार सापडेपर्यंत शोधत राहतात."

"पण दार नाहीये."

"अजून नाहीये, ताई."

"मग ती शोधतायत काय?"

फांग-यी हसली. "हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. ते आपले शोधतात. तेवढंच त्यांना दिलंय."

आ-युनने कपाळ दाबलं. आतल्या खोलीतून काही ऐकू येत नव्हतं. "हे बघ. मी पहिल्या डावात एक नाव घातलंय. ते पुसून टाक."

"पुसता येईल की. पण मग नुसतं नाव जाईल, ताई. माणूस तिथेच राहील, फक्त कोण ते कळणार नाही. नाव असू दे, निदान दार झालं की त्या पत्त्यावर परत तरी जाईल." हे सगळं ती जेवणाच्या डब्याविषयी बोलावं तसं सहज सांगत होती. "कोणाचं घातलंत?"

"दार नसताना माणसांना आत सोडता कशा तुम्ही?" आ-युन ओरडली. "लाज कशी वाटत नाही? आधी बाहेर पडायची वाट, मग आत यायची! घर बांधणारा गवंडीसुद्धा एवढं जाणतो!"

"सगळे असंच करतात हो, ताई," फांग-यी हिरमुसून म्हणाली. "आधी लोक आत येतात, मग त्यांना काय हवंय ते बघून पुढचं करायचं. आम्ही परवा मतदान ठेवतोय. पुढच्या आवृत्तीत काय हवं? एक तर दार, नाहीतर नवे पन्नास मजले. दोन्ही एकदम आम्हा दोघींना झेपणार नाही. तुम्ही लिहा ना दाराबद्दल. तुमचं लोक ऐकतात."

आ-युनने फोन ठेवला. तिला पुरतं कळत होतं की आपण एका खेळाविषयी भांडतोय, चित्रातल्या भिंतीविषयी, आणि आत झोपलेल्या माणसाचा याच्याशी काडीचा संबंध असू शकत नाही. मग आतून आवाज आला. टक, टक.

६

तिने लिहिलं. आयुष्यात एवढं चिडून तिने काही लिहिलं नव्हतं. या गेममधून बाहेर पडता येत नाही, असं लिहिलं. तुम्ही आत जाता आणि तुमचं काहीतरी आत राहतं, भिंतीपलीकडे चालतं, आणि तुम्ही घरी जेवायला बसलात तरी ते चालतच असतं. बनवणाऱ्यांनी आधी दार करावं. तोवर कोणी आत पाऊल टाकू नये. आणि ज्यांनी टाकलंय त्यांनी डोळे मिटून दारालाच मत द्यावं. शेवटच्या ओळीत तिने विनवणीही केली. मिरचीताईने विनवणी केलेली वाचकांनी कधी पाहिली नव्हती.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. 'मिरचीताई घाबरली!' ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडे झाली. तिने नको म्हटलेल्या इमारतीत दोन दिवसांत हजारो माणसं उतरली. त्यांना ती भयंकर आवडली. बाहेर पडता येत नाही, हेच तर त्यात भारी आहे, असं ते तिच्याच लेखाखाली लिहीत होते. दार कशाला? दार आलं की मजा गेली. मजले हवेत, मजले! मतदान संपलं तेव्हा दाराला शेकड्यात नऊ मतं होती. बाकी सगळी मजल्यांना.

त्या दोन दिवसांत बाबा फार बोलले नाहीत. पडद्यापुढे तिने त्यांना येऊ दिलं नव्हतं, तरी ते खोलीखोलीतून भिंतीला धरून फिरत. प्रत्येक कोपऱ्यात अंगठा फिरवत, दोनदा वाजवत, आणि पुढे जात. भूक लागली की जेवत. नाव विचारलं की सांगत. एकदा तिने विचारलं, "बाबा, मी कोण?" तर चिडून म्हणाले, "आ-युन, डोकं फिरलंय का तुझं? तू वर आहेस म्हणून दिसत नाहीस, एवढंच."

शनिवारी सकाळी ते झोपलेले असताना तिने गेम उघडला. तिला फक्त बघायचं होतं. बिननावाची आकृती सरसर उतरत गेली. वाट शोधायचं कसब तिच्या बोटांत होतं. पाचवा मजला, सहावा. टकटक जवळ येत होती. सातव्यावर ती लांब खोली आली. या वेळी नव्याने रचलेली इमारत असूनही खोली तीच होती, आणि टोकाला भिंतीतलं रंगवलेलं दार.

दारापुढे कुणीतरी पाठमोरं उभं होतं. कंदिलाचा उजेड तिथवर नीट पोचत नव्हता. खांदा दिसला, वर केलेला हात दिसला. जिथे क्रमांकाची पाटी असायची तिथे अंगठा फिरत होता, डावीकडून उजवीकडे, परत परत. त्या जागचा रंग खरवडून गेला होता आणि खाली नुसती भिंत होती. गेममधल्या आकृत्यांना बोटं नव्हती, हे तिला पक्कं माहीत होतं. पहिल्याच दिवशी उजव्या पानावर तिने तशी तक्रार लिहिली होती. आणि तिला अंगठ्याचं नख दिसत होतं.

"बाबा," ती पडद्याला म्हणाली.

ती आकृती थबकली. मान जरा वळली, हाक कुठून आली ते न कळल्यासारखी. वर बघितलं. मग कंदिलातलं तेल संपलं.

आ-युन उठून आत धावली. बाबा पलंगावर उताणे झोपले होते. डोळे उघडे, छताकडे लागलेले. उजव्या हाताच्या अंगठ्यावर पांढरी पूड होती, चुन्याची असते तशी.

७

नवी आवृत्ती सोमवारी दुपारी बारा वाजता येणार होती. आ-युनने त्याआधी फांग-यीला अकरा फोन केले. एकही उचलला गेला नाही. तिने निरोप लिहिले, शिव्या लिहिल्या, मग शिव्यांबद्दल माफी लिहिली. उत्तर आलं नाही. बाराला पाच कमी असताना तिने घराच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि बाबांच्या शेजारी सोफ्यावर बसून त्यांचा हात घट्ट धरला. आपण वेड्यासारखं वागतोय, असं तिला वाटत होतं, पण वाटलं तर वाटू दे. वेडी ठरले तर उद्या हसेन, ती मनात म्हणाली.

बाराला काही झालं नाही. वारा गजांत वाजत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू केली. बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते. बारा वाजून दोन मिनिटांनी त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, फार दिवसांनी चांगली बातमी मिळावी तसा.

"हं," ते म्हणाले. "झाली वाट."

"कुठे? बाबा, कुठे निघालात?"

"खाली. इथे किती दिवस उभं राहायचं?" त्यांनी हात सोडवून घेतला. जोर लावला नाही, पण तिला धरवला नाही. ते दाराकडे गेले आणि दार उघडून बाहेर पडले. कुलूप कडीला लोंबकळत होतं, लावलेलंच.

ती मागे धावली. जिन्यात त्यांची पाठ दिसत होती, एका वळणाने पुढे, कायम एकाच वळणाने. तिसरा मजला, दुसरा, पहिला. ती दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरत होती आणि ते एकेक पायरी, कठड्याला धरून, डावा पाय मागून ओढत. तरी अंतर कमी होईना. "बाबा! थांबा!" तिने हाका मारल्या. शेवटच्या वळणाला ती पोचली तेव्हा समोर तळमजला होता, स्कूटरींची रांग, इमारतीचं उघडं दार, रस्त्यावरचं पांढरं ऊन, आणि दाराशी पालक निवडत बसलेल्या को-काकू.

"बाबा कुठे गेले?"

"कोण?"

"बाबा! आत्ता उतरले माझ्यापुढे!"

"मी सकाळपासून इथे बसलेय," को-काकू म्हणाल्या. "जिन्यातून तू सोडून कोणी..." त्या मधेच थांबल्या. हातातली जुडी त्यांनी टोपलीत ठेवली. मग हळूच दोन्ही पाय जमिनीवरून उचलून स्टुलाच्या आडव्या दांडीवर घेतले. "हे काय वाजतंय गं?"

इमारतीला तळघर नव्हतं. जिना जिथे संपत होता तिथे सिमेंटची फरशी होती, डाग पडलेली, ओल आलेली. त्या फरशीखाली पावलं उतरत होती. एक पाऊल, आणि मागून ओढलेलं दुसरं. वळण आलं की आवाज जरा दबत होता, मग पुन्हा सुरू होत होता, आणखी खालून. आ-युन गुडघ्यांवर बसली. तिने फरशीवर मुठी आपटल्या. एवढा प्रचंड राग तिच्यात होता, सबंध आयुष्यात साठवलेला, सगळ्या अर्धवट खेळांवरचा आणि खोट्या दारांवरचा, आणि तो कामाला लावायला तिच्यापुढे सिमेंटशिवाय काही नव्हतं. ती ओरडत राहिली, "दार करा आधी! दार करा!" आणि को-काकू स्टुलावर पाय वर घेऊन रडायला लागल्या.

खिशातला फोन वाजला. किती वेळाने ते तिला सांगता आलं नसतं. पावलं अजून ऐकू येत होती, पण आता कान लावावा लागत होता.

"युनताई, माफ करा हं, सकाळपासून जीव गेला कामात!" फांग-यीचा आवाज हसरा होता. "पाहिलेत का नवे मजले? पन्नासच्या पन्नास! लोक वेडे झालेत. तुम्ही रागावल्या असाल, मला माहीत आहे. दाराचं मी विसरले नाहीये."

आ-युनने तोंड उघडलं. एवढे दिवस जे बोलायचं ठरवलं होतं ते सगळं तिला पाठ होतं. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"ताई? ऐकताय ना?"

"एक विनंती होती," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, इतका नरम होता. "दार राहू दे. झेपेल तेव्हा करा. पण मधे कुठेतरी, दर दहा मजल्यांनी म्हणा, एखादं बाक ठेवता येईल का? साधं. बसायला. उतरताना गुडघा दुखतो."

"अय्या, किती छान सूचना आहे!" फांग-यी म्हणाली. "पुढच्या मतदानात नक्की टाकते."